गेटर, ट्यूब आणि जांघेतली जाळी: दुर्बिणीतून हर्निया दुरुस्त करताना

ट्रकच्या टायरला काप गेला की आतली ट्यूब त्या कापातून फुगून बाहेर येते. पंक्चरवाला मग टायरच्या आतल्या बाजूने, कापापेक्षा चांगला ऐसपैस असा रबराचा तुकडा ठेवतो. त्यालाच गेटर म्हणतात. नंतर ट्यूबमध्ये हवा भरली की तीच हवा गेटरला टायरवर दाबून धरते. खिळा कोणी मारत नाही, मारला तर ट्यूबच फुटेल. गेटर लहान पडला तर तो कापातून बाहेर सरकतो. त्याची कड दुमडली तर ट्यूब त्या कडेखालून वाट काढते.

दुर्बिणीतून जांघेच्या हर्नियाला जाळी बसवणं याच तत्त्वावर चालतं. टायर म्हणजे पोटाची भिंत, ट्यूब म्हणजे पोटाचं आतलं अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, आणि हवा म्हणजे पोटातला दाब. खोकताना, शिंकताना, पोतं उचलताना जो दाब हर्निया बाहेर ढकलतो, तोच दाब अस्तर आणि भिंत यांच्यामध्ये अंथरलेल्या जाळीला भिंतीवर चेपून ठेवतो. फ्रान्समधल्या आमियाँ इथल्या रेने स्तोपा यांनी दुर्बीण येण्याच्या कितीतरी आधी, पोटावर मोठा छेद घेऊन, याच जागी भलीमोठी जाळी अंथरून दाखवली होती. दुर्बिणीने तिथे जायची वाट बारीक केली, तत्त्व तेच राहिलं.

हे मनात ठसलं की बाकीचं सगळं त्यातून येतं: जाळी मोठी का हवी, जागा रुंद का करायची, खालच्या कडेला एवढं महत्त्व का, टॅकर, म्हणजे जाळी भिंतीला टाचणारे बारीक खिळे, इतके कमी का. आपण शल्यशास्त्र इंग्रजीत शिकतो, पण टेबलाभोवतीचं बोलणं मराठीत होतं. "अजून खाली सोड", "कड बघ, कड", "शिरेला हात लावू नकोस". त्या बोलण्याच्या भाषेतच, शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. रुग्णाने किंवा घरच्यांनी वाचलं तरी आत काय होतं ते समजेल. मात्र लेख वाचून हे ऑपरेशन येत नाही. हर्नियासर्ज या आंतरराष्ट्रीय गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हात बसायला 50 ते 100 शस्त्रक्रिया लागतात, आणि त्यातल्या पहिल्या 30 ते 50 सर्वांत नाजूक. त्या शिक्षक शेजारी उभा असतानाच व्हायला हव्यात.

कोणाला दुर्बीण, कोणाला नाही

दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर दुर्बीण, कारण त्याच तीन छोट्या छिद्रांतून दोन्ही बाजू होतात. आधी समोरून, म्हणजे उघडं ऑपरेशन होऊन हर्निया परत आला असेल तर दुर्बीण, कारण मागचा थर कोरा असतो. स्त्रियांमध्येही शक्यतो दुर्बीणच. त्यांच्यात जांघेच्या शिरेजवळचा फिमोरल हर्निया जास्त आढळतो आणि समोरून तो नजरेतून सुटतो. मागून पाहिलं की सगळी भोकं एका नजरेत येतात.

पूर्ण भूल झेपणार नाही अशा हृदयरोग्याला दुर्बिणीचा आग्रह धरू नये. प्रॉस्टेटचं मोठं ऑपरेशन झालेला, जांघेत किरणोपचार घेतलेला, वृषणकोशापर्यंत उतरलेला जुनाट मोठा हर्निया असलेला रुग्ण नवशिक्याने हाती घेऊ नये. लिक्टेनस्टाईन यांची समोरून जाळी बसवण्याची पद्धत जागेवरची भूल देऊन करता येते आणि ती उत्तम आहे. तिला दुय्यम समजणारा सर्जन मला कच्चा वाटतो. जाळीशिवायच्या दुरुस्तीचीही आपल्याकडे परंपरा आहे. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पांढऱ्या पापुद्र्याची पट्टी वापरून केलेली दुरुस्ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती समोरून करायची पद्धत आहे, म्हणून इथे तिच्या खोलात जात नाही.

ऑपरेशनआधी जुना खोकला, लघवीला जोर लावावा लागणं, बद्धकोष्ठता हे विचारा आणि त्यावर आधी इलाज करा. बाजूवर पेनाने खूण करा, रुग्ण जागा असताना आणि त्याच्याच तोंडून वदवून. थिएटरमध्ये येण्याआधी त्याला लघवी करून यायला सांगा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण भरलेलं मूत्राशय नेमकं आपल्या कामाच्या जागेत येऊन बसतं आणि खालचा पोर्ट, म्हणजे हत्यारं आत न्यायची नळी, घालताना तेच धोक्यात येतं.

जाळी कोणती

पोटाच्या अस्तराबाहेर बसणारी जाळी साधी पॉलिप्रॉपिलीनची पुरते. आतड्याला चिकटू नये म्हणून लेप दिलेल्या महागड्या जाळ्या वेगळ्या कामासाठी आहेत. इथे जाळी आणि आतडं यांच्यामध्ये अस्तर असतंच, मग तो खर्च रुग्णाच्या माथी का मारायचा?

वजनावरून जाळ्यांचे जड आणि हलक्या असे प्रकार पडतात. साधारण 50 ग्रॅम प्रति चौरस मीटरखालच्या हलक्या, 70 च्या वरच्या जड. हलकी जाळी म्हणजे कमी दुखणं, असा समज बराच काळ होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो फायदा दीर्घकाळात दिसला नाही, आणि मोठ्या मधल्या (डायरेक्ट) हर्नियात हलकी जाळी भोकातच फुगून बाहेर ढकलली जाते असं आढळलं. मी वजनापेक्षा छिद्रांकडे पाहतो. छिद्रं मिलिमीटरभर किंवा अधिक मोठी असली की शरीराची ऊती त्यातून आरपार वाढते आणि जाळी एकसंध बसते. मोठ्या मधल्या भोकासाठी जराशी ताठ जाळी घेतो.

आकार किमान 15 बाय 10 सेंटिमीटर. यात तडजोड नाही. लहान चणीच्या माणसासाठी जाळी कातरून लहान करावी असा मोह होतो, तो टाळा. जाळी मावत नसेल तर दोष आपल्या केलेल्या जागेचा असतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण इथे उलटी चालते. आधी जाळी ठरलेली आहे, तिला पुरेल एवढं अंगण आपण तयार करायचं. जाळीला चीर देऊन शुक्रवाहिनीच्या भोवती गुंडाळण्याची जुनी पद्धतही सोडून द्या. ती चीरच पुढे नव्या हर्नियाचा दरवाजा होते.

जाळीच्या किमतीबद्दल बोलताना दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात गरीब रुग्णांना जाळी परवडत नाही हे पाहून त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा अभ्यास केला, ते निर्जंतुक करून वापरलं आणि 2003 मध्ये अनेक केंद्रांतले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे युगांडात शास्त्रशुद्ध चाचणी झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार स्वस्त जाळी आणि बाजारातली महाग जाळी यांच्या एका वर्षाच्या निकालांत लक्षणीय फरक नव्हता. त्या चाचणीतली ऑपरेशनं समोरून केलेली होती, आणि कापडाची निवड व निर्जंतुकीकरण काटेकोरपणे ठरवलेलं होतं. दुकानातली मच्छरदाणी आणून कोणी कातरू नये. पण महाग जाळी म्हणजे चांगलं ऑपरेशन हा भ्रम या कामाने दूर केला.

अंगण तयार करणं: टेप

दुर्बिणीच्या दोन वाटा आहेत. टेपमध्ये (TEP) पोटाच्या पोकळीत शिरायचंच नाही, भिंत आणि अस्तर यांच्या मधल्या थरातच राहायचं. टॅपमध्ये (TAPP) पोटात जाऊन, आतून अस्तराला छेद देऊन त्याच थरात उतरायचं. शेवटी जाळी दोन्हीकडे त्याच ठिकाणी बसते. अनुभवी हातांत दोन्हींचे निकाल सारखेच. तुमच्या शिक्षकांना जी येते ती आधी शिका.

टेपमध्ये रुग्ण पाठीवर, दोन्ही हात अंगालगत, डोकं 10 ते 15 अंश खाली. सर्जन हर्नियाच्या विरुद्ध बाजूला, मॉनिटर पायथ्याशी. बेंबीखाली दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घ्या. मध्यरेषेवरच्या पांढऱ्या दोरीला हात न लावता, हर्नियाच्या बाजूने किंचित बाजूला सरकून रेक्टसचं, म्हणजे पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूचं, पुढचं आवरण उघडा. स्नायू बाहेरच्या बाजूला ओढा. मागे चकचकीत पांढरं मागचं आवरण दिसतं. स्नायू आणि ते आवरण यांच्या मधून खाली, जघनास्थीच्या दिशेने जायचं.

ही जागा फुलवायला बाजारात फुगा मिळतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी हातमोज्याचं बोट कॅन्युलाला बांधून तोच फुगा तयार करतात, आणि तो नीट बांधला तर छान चालतो. काही जण दुर्बिणीच्या टोकानेच हळूहळू जागा करतात. थर मात्र चुकायला नको. फार वरच्या थरात गेलात तर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या छतापासून सुटून पडद्यासारख्या खाली लोंबायला लागतात आणि पुढचं सगळं काम त्यांच्याशी झगडण्यात जातं. त्या स्नायूला चिकटून वरच राहिल्या पाहिजेत.

कार्बन डायऑक्साइडचा दाब 10 ते 12 मिलिमीटर पारा पुरतो. 30 अंशांची दुर्बीण बेंबीखालून, आणि मध्यरेषेत 5 मिलिमीटरचे दोन पोर्ट, दोन्ही डोळ्यांसमोर. पहिली ओळखीची खूण म्हणजे कूपर लिगामेंट. जघनास्थीच्या काठावरची ती पांढरी चकाकती पट्टी दिसली की दिशा सापडली. हरवलात तर परत तिथेच या.

मग बाहेरच्या बाजूला. एपिगॅस्ट्रिक वाहिन्यांच्या खालून सरकत, अस्तर खाली सोडत, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत जायचं. इथे कण्यापासून मांडीकडे जाणाऱ्या सोअस स्नायूवर एक पातळ आवरण आणि थोडी चरबी असते, ती तशीच राहू द्या. नसा तिच्याखाली असतात. "स्वच्छ दिसू दे" म्हणून ती खरवडणाऱ्याच्या रुग्णाला मांडीत जळजळ मागे लागते.

कापताना किंवा ओढताना अस्तराला छिद्र पडलं तर गॅस पोटात शिरतो आणि वरून जागा आक्रसते. घाबरू नका. डाव्या बरगडीखाली व्हेरेस सुई घालून तो गॅस सोडून द्या आणि काम चालू ठेवा. छिद्र मात्र टाक्याने किंवा लूपने बंद करा, नाहीतर आतडं जाळीला भिडेल.

टॅपमध्ये वेगळं काय

टॅपमध्ये आधी पूर्ण पोट दिसतं, दुसऱ्या बाजूचा लपलेला हर्नियाही दिसतो, अडकलेलं आतडं जिवंत आहे का तेही पाहता येतं. अस्तराला छेद आतल्या छिद्राच्या, म्हणजे जांघेतल्या नळीसारख्या वाटेच्या (कॅनालच्या) आतल्या तोंडाच्या, सुमारे 4 सेंटिमीटर वर, कमरेच्या हाडाच्या टोकापासून मधल्या नाभी-घडीपर्यंत. ती घडी ओलांडताना मूत्राशयाचं भान ठेवा. आत उतरल्यावर काम तेच. शेवटी अस्तर विरघळणाऱ्या धाग्याने, दाब 8 पर्यंत कमी करून, पूर्ण शिवा. एक फट राहिली तरी तिच्यात आतडं अडकून काही दिवसांत पोट फुगलेला, उलट्या करणारा रुग्ण परत येतो.

पिशवी सोडवणं

मधला, म्हणजे डायरेक्ट हर्निया सोपा. चरबी आणि अस्तर आत ओढलं की मागे ट्रान्सव्हर्सेलिस फॅशियाची, म्हणजे भिंतीच्या आतल्या पापुद्र्याची, सैल पिशवी भोकात उरते. ती मोठी असेल तर आत ओढून कूपर लिगामेंटला एका टाक्याने किंवा टॅकरने धरून ठेवा. तसं न केल्यास त्या पोकळीत पाणी साठतं आणि रुग्ण दहाव्या दिवशी "हर्निया परत आला" म्हणून धावत येतो.

तिरका, म्हणजे इनडायरेक्ट हर्निया शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्यांना बिलगून कॅनालमध्ये उतरलेला असतो. पिशवी एका हाताने ताणून धरा आणि कॉर्डचे, म्हणजे याच शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्यांच्या जुडग्याचे, भाग तिच्यापासून अलगद सोडवा. पिशवी छोटी असेल तर पूर्ण आत आणा. वृषणकोशापर्यंत गेलेली लांब पिशवी पूर्ण ओढून काढायचा हट्ट करू नका. आतल्या छिद्राजवळ ती बांधून कापा आणि पुढचं टोक उघडं ठेवा. हट्टाने खेचलेल्या पिशवीमागून वृषणाचा रक्तपुरवठा बिघडतो.

कॉर्डच्या बाहेरच्या अंगाला चरबीचा लांबट गोळा असतो, कॉर्डचा लायपोमा. तो आतल्या छिद्रातून ओढून काढायचाच. तो राहून गेला तर हर्निया दुरुस्त होऊनही रुग्णाला गाठ हाताला लागते, आणि तो म्हणतो ते खरंच असतं.

या भागात दोन जागा जपायच्या. आतल्या अंगाला शुक्रवाहिनी आणि बाहेरच्या अंगाला वृषणवाहिन्या यांच्यामधल्या त्रिकोणाखाली पायाकडे जाणारी मोठी धमनी आणि शीर आहे. त्याला सर्जन मृत्यूचा त्रिकोण म्हणतात. त्याच्या बाहेरचा, इलिओप्युबिक ट्रॅक्ट या जांघेतल्या तंतुमय पट्टीच्या खालचा, तो वेदनेचा त्रिकोण, कारण तिथे नसा आहेत. या दोन्हींत डायथर्मी (विजेने जाळणं) नको, टॅकर नको, टाका नको. शिवाय कूपर लिगामेंटवरून आडव्या जाणाऱ्या एका वाहिनीला कोरोना मॉर्टिस असं लॅटिन नाव आहे, म्हणजे मृत्यूचा मुकुट. ती आधी शोधून ठेवा. तुटली तर मागे सरकून हाताला सहज न लागणारं रक्त वाहू लागतं.

जागा पुरी झाली हे कधी म्हणायचं

माझ्या मते ऑपरेशन इथे ठरतं. जाळी अंथरायला पाच मिनिटं लागतात, तिच्यासाठी अंगण साफ करायला पाऊण तास. घाई होते ती इथेच.

फ्रान्सचे आंरी फ्रुशो यांनी 1956 मध्ये दाखवून दिलं की जांघेतले सगळे हर्निया, डायरेक्ट, इनडायरेक्ट आणि फिमोरल, एकाच मोठ्या कमजोर खिडकीतून बाहेर पडतात. जाळीने ती पूर्ण खिडकी झाकायची असते, आज दिसणारं एक भोक नाही. कोलंबियाचे होर्हे डेस आणि अमेरिकेचे एडवर्ड फेलिक्स यांनी 2017 मध्ये तपासणीची एक यादी मांडली. मी ती माझ्या शब्दांत टेबलावर मोठ्याने म्हणून घेतो, आणि माझे निवासी डॉक्टर एकेक गोष्ट दुर्बिणीतून दाखवल्याशिवाय जाळीचं पाकीट फाडू देत नाहीत.

मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूची जघनास्थी थोडी दिसली का? मोठं मधलं भोक असेल तर पलीकडचं कूपर लिगामेंट दिसेपर्यंत जा. मधल्या त्रिकोणात चरबी शिरलेलं भोक तर नाही? कूपर लिगामेंट आणि मूत्राशय यांच्यात किमान 2 सेंटिमीटर मोकळी जागा झाली का? जाळीची आतली खालची कड तिथेच उतरणार आहे. कूपर आणि मोठी शीर यांच्यामध्ये पाहिलं का, फिमोरल हर्निया नाही ना? लायपोमा काढला का?

मग सर्वांत महत्त्वाची परीक्षा. अस्तर चिमट्यात धरून वर आणि मागे ओढा. ओढताना कॉर्डचे भाग हलले, शुक्रवाहिनी तंबूसारखी उचलली गेली, तर अस्तर अजून पुरेसं खाली गेलेलं नाही. ओढूनही कॉर्ड भिंतीला सपाट पडून राहिली तरच झालं. साधारणपणे शुक्रवाहिनी आतल्या बाजूला वळते त्या जागेच्याही खाली अस्तर गेलेलं असतं, आणि बाहेरच्या अंगाला सोअस स्नायू उघडा दिसतो. ही परीक्षा चुकवणं म्हणजे जाळीच्या खालच्या कडेखाली अस्तराची एक जीभ ठेवून देणं.

शेवटी रक्तस्राव थांबला का ते पाहा. रक्ताच्या थारोळ्यावर जाळी तरंगते.

जाळी अंथरणं

पाकीट उघडण्याआधी हातमोजे बदला. जाळी रुग्णाच्या कातडीला, पोर्टच्या बाहेरच्या कडेला घासू देऊ नका. जंतू आत जाण्याची वाट तीच. काही जाळ्या बाजूनुसार घडवलेल्या असतात, तेव्हा डावी-उजवी तपासा. साध्या जाळीवर मी निर्जंतुक पेनाने आतली खालची कड दर्शवणारी एक छोटी खूण करतो. आत गेल्यावर सगळं पांढरं दिसतं आणि कोणती कड कुठली हा गोंधळ होतो, खूण तो वाचवते.

जाळी लांब बाजूने, वरच्या कडेकडून खालच्या कडेकडे गुंडाळून आणा, विडीसारखी घट्ट. 10 मिलिमीटरच्या पोर्टमधून दुर्बीण काढा, चिमट्याने गुंडाळी आत ढकला, दुर्बीण परत घाला. भिंत हीच जमीन समजून सतरंजी उलगडतो तशी ती उलगडायची. खालची कड आधी जागेवर, मग गुंडाळी वर सरकवत न्यायची.

आधी आतलं टोक मध्यरेषेपलीकडे 1 ते 2 सेंटिमीटर आणि कूपर लिगामेंटच्या खाली 2 सेंटिमीटर, मूत्राशय आणि हाड यांच्या मधल्या जागेत. मग खालची कड कॉर्ड आणि मोठ्या वाहिन्यांवरून बाहेर, सोअसवर सपाट. बाहेरचा खालचा कोपरा हा सर्वांत फसवा, तोच आधी वर गुंडाळतो. तो भिंतीच्या खोलगट भागात चेपून बसवा. मग वरचा भाग उलगडा, रेक्टसच्या मागे, भोकाच्या चहूबाजूंनी किमान 3 सेंटिमीटर पलीकडे पोचेल असा. सुरकुती दिसली तर थापटू नका. कोपऱ्याकडे ओढून सरळ करा, चादर घालतो तशी. जाळीच्या खालून अस्तराची कड डोकावते आहे का, हे एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून पाहा. डोकावत असेल तर जाळी ओढू नका, अस्तर अजून खाली सोडा.

दोन्ही बाजूंना दोन जाळ्या असतील तर मध्यरेषेवर त्या एकमेकींवर 1 ते 2 सेंटिमीटर याव्यात.

माझ्या पहिल्या वर्षांतला एक रुग्ण हमाली करायचा. ऑपरेशन चाळीस मिनिटांत झालं म्हणून मी खूश होतो. आठ महिन्यांनी तो गाठ घेऊन परत आला. पोटातून दुर्बीण घालून पाहिलं तर जाळीची खालची कड बाहेरच्या कोपऱ्यापासून वर गुंडाळलेली आणि तिच्या खालून अस्तर पुन्हा कॅनालमध्ये उतरलेलं. जाळी पुरेशी मोठी होती. मी अस्तर पुरेसं खाली सोडलं नव्हतं, म्हणून हवा सोडताच त्याने जाळीला उचललं. दुरुस्ती समोरून केली, तो कामावर परतला. त्या दिवसानंतर मी घड्याळाकडे पाहणं सोडलं.

टॅकर कुठे, गोंद कुठे

गेटर आठवा. टेपमध्ये जागा नीट झाली असेल तर बहुतेक वेळा काहीच लावावं लागत नाही. अपवाद मोठ्या मधल्या भोकाचा, साधारण 3 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या. तिथे जाळी भोकात ढकलली जाऊ शकते, म्हणून तिला धरायला हवं.

टॅकर मारायचा तर एक-दोन कूपर लिगामेंटवर आणि एखादा वर, रेक्टसच्या मागे आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला मारायचाच असेल तर इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या वर. खात्रीची युक्ती म्हणजे दुसऱ्या हाताने पोटावरून बाहेरून दाबा. टॅकरचं टोक बोटाला लागलं तर तुम्ही ट्रॅक्टच्या वर आहात, मारा. लागलं नाही तर मारू नका. (कूपरवर हे लागू नाही, तिथे हाडच समोर असतं.)

गोंदही चालतो, फायब्रिनचा किंवा सायनोॲक्रिलेटचा. त्याने नस टोचली जात नाही, हा मोठा दिलासा. सायनोॲक्रिलेट थेंबाथेंबाने लावा. त्याचा थर झाला तर जाळीची छिद्रंच बुजतात आणि तिथे ऊती वाढत नाही.

हवा सोडणं

अनेक जण इथे दुर्बीण बाहेर काढून मोकळे होतात. तसं करू नका. जाळीचा बाहेरचा खालचा कोपरा चिमट्याने हलकेच दाबून धरा आणि गॅस हळूहळू सोडा. दुर्बीण आतच ठेवून पाहा. अस्तर आणि पिशवीचं टोक जाळीच्या वरून येऊन तिच्यावर बसलं पाहिजे, तिच्या खालून शिरता कामा नये. अस्तर जाळीला भिडल्याचं दिसलं की मगच चिमटा सोडा. कोपरा उचलला गेला तर पुन्हा गॅस भरा आणि दुरुस्त करा. दोन मिनिटांचा आळस इथे आठ महिन्यांनी परत येतो. वृषणकोशात गॅस गेला असेल तर हाताने दाबून काढा. 10 मिलिमीटरच्या छिद्राचं आवरण टाक्याने बंद करा.

नंतर

संध्याकाळी रुग्णाला चालवा. लघवी झाली का हे घरी सोडण्याआधी विचारा, विशेषतः साठीपुढच्या पुरुषांना. वृषणकोशावर काळंनिळं पडतं, ते उतरतं. भोकाच्या जागी पाणी साठून गाठ जाणवली तर सुई लावू नका. बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत ते जिरतं. सुईने जंतू जाळीपर्यंत नेण्याचा धोका फुकट पत्करायला नको.

आपल्याकडे रुग्णाला सहा महिने वजन उचलू नको असं सांगायची रीत आहे. तिने शेतमजुराचा हंगाम बुडतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तीन ते पाच दिवसांत, दुखत नसेल तर, रोजची कामं सुरू करायला हरकत नाही असं हर्नियासर्जच्या सूचना सांगतात. मी माझ्या रुग्णांना एवढंच म्हणतो: दुखलं की थांबा, नाही दुखलं की करा.

दोन तक्रारी मात्र त्याच दिवशी गांभीर्याने घ्या. शुद्धीवर येताच मांडीच्या बाहेरच्या बाजूला विजेसारखी तीव्र वेदना होत असेल आणि टॅकर लावले असतील, तर नस टोचली गेली असावी. वेदनाशामक देत दिवस काढू नका, लवकर परत आत जाऊन टॅकर काढण्याचा विचार करा. आणि टॅपनंतर उलट्या, पोट फुगणं, गॅस न सुटणं म्हणजे शिवणीच्या फटीत आतडं अडकल्याची शंका. तीन महिन्यांनंतरही जांघ दुखत राहिली तर तिला जुनाट वेदना म्हणतात. ती रुग्णाच्या मनाचा खेळ समजू नका, नस शोधा.

डिस्चार्ज कार्डावर "हर्नियाचं ऑपरेशन केलं" एवढंच लिहून सोडू नका. बाजू लिहा, टेप की टॅप ते लिहा, भोक कुठलं आणि केवढं, जाळी कसली आणि किती बाय किती, टॅकर किती आणि कुठे. पाकिटातलं स्टिकर कार्डावर चिकटवा आणि रुग्णाला सांगा की हे रेशनकार्डासारखं जपून ठेवा. पंधरा वर्षांनी हर्निया परत आला तर त्या वेळच्या सर्जनला मागचा थर वापरलेला आहे हे त्या कागदावरूनच कळेल, आणि तो समोरून जाईल.